बडोद्यात घर शोधताना आधी पाणी विचारा

बडोद्याला बदली झालेली माणसं बहुधा मार्च-एप्रिलमध्ये घर शोधायला येतात. मुलांच्या परीक्षा उरकलेल्या असतात, नवी शाळा जूनमध्ये सुरू व्हायची असते आणि हाताशी जेमतेम दोन-तीन रविवार असतात. शहर तेव्हा कोरडं ठणठणीत असतं. विश्वामित्री पुलाखालून हिरवट बारीक धारेनं वाहत असते, आणि जिला इथे कांस म्हणतात ती पावसाच्या पाण्याची नाली झुडपांनी भरून गेलेली असते. ब्रोकर दिवसाला सहा-सात फ्लॅट दाखवतो. मॉड्युलर किचन, उजेड, पार्किंग, लिफ्ट सगळं बघून होतं. पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या कुटुंबाला इथे सुखानं राहता येईल की नाही, हे ज्या गोष्टीवर ठरतं ती त्या दिवसांत दिसतच नाही.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते आणि वळणं घेत घेत शहराच्या मधून दक्षिणेला जाते. वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत ते बांधलं गेलं. कालाघोड्याच्या पुलापाशी नदीची पातळी मोजतात आणि २६ फूट ही तिथली धोक्याची खूण. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात चारशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला होता. घर बघायला निघताना ही दोन सालं डोक्यात पक्की ठेवा, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यांच्याभोवतीच विचारायचे आहेत.

बडोद्यात घरापर्यंत येणारं पाणी दोन तऱ्हेचं असतं आणि दोन्हींत मोठा फरक आहे. पहिलं पावसाचं. जोराची सर आली, रस्त्यावर गुडघाभर साचलं, दोन-चार तासांत ओसरलं. यानं स्कूटर बंद पडते, शाळेची व्हॅन उशिरा येते, पण संसार उचलावा लागत नाही. दुसरं पाणी नदीचं. ते अनेकदा पाऊस थांबल्यावर येतं. वरच्या भागातलं पाणी उतरायला वेळ लागतो, त्यामुळे इथे ऊन पडलेलं असतानाही नदी चढतच राहते. नदी भरली की कांसांची तोंडं बंद होतात, त्यांच्यातलं पाणी उलटं फिरतं आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून, बाथरूमच्या जाळीतून वर येऊ लागतं. म्हणूनच नदीपासून चांगल्या अंतरावर असलेल्या सोसायट्याही बुडतात आणि तिथल्या लोकांना पाणी नेमकं कुठून आलं ते कळतही नाही. हे पाणी दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. २०२४ मध्ये समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांतल्या अनेक वस्त्यांनी ते सोसलं. पाण्याबरोबर मगरीही सोसायट्यांमध्ये शिरल्या. विश्वामित्रीत त्या शेकडो आहेत, आणि पूर ओसरताना त्या कंपाउंडच्या कोपऱ्यात, उभ्या गाड्यांच्या आडोशाला अडकून राहतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात नदीचं पात्र खोल आणि रुंद करायचं मोठं काम झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच्या भरवशावर तळमजल्याचं घर घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पात्र मोकळं झालं तरी सखल भाग सखलच राहतो.

विचारायचं कुणाला, तर ब्रोकरला नाही आणि घरमालकालाही नाही. सोसायटीचे प्रमुख किंवा मंत्री (म्हणजे अध्यक्ष किंवा सचिव) हेसुद्धा भाव पडेल म्हणून हात राखून बोलतात. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, दुधाच्या केंद्रावर बसणारी बाई ही माणसं खरं सांगतात, कारण नुकसान त्यांचंही झालेलं असतं. प्रश्न मात्र ‘पाणी येतं का?’ असा करू नका. त्याचं उत्तर सगळीकडे ‘ना ना, अहीं कंई नथी आवतुं’ असंच मिळतं. ‘बे हजार चोवीसमां अहीं क्यां सुधी आव्युं’तुं?’ (२०२४ मध्ये इथे कुठवर आलं होतं?) असं विचारा. म्हणजे पाणी आलं होतं हे धरूनच बोलायचं. मग माणूस हातानं दाखवतो: ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, शटरच्या कुलपापर्यंत, छातीपर्यंत. पुढे तीन गोष्टी विचारा. किती दिवस राहिलं, वीज किती दिवसांनी आली, पिण्याचं पाणी कुठून आणलं. तीन वेगवेगळ्या माणसांची उत्तरं जुळली तर ती खरी धरायला हरकत नाही.

माणसांना विचारून झालं की इमारतीला विचारा. बाहेरच्या भिंतीला रंग दिलेला असतो, तिच्याकडून काही कळत नाही. जिन्याखालचं विजेच्या मीटरचं कपाट उघडायला सांगा. तिथे सहसा कुणी रंग देत नाही. आतल्या लाकडी फळीवर आडवी तपकिरी रेघ असेल, खालच्या रांगेतल्या मीटरांचे स्क्रू गंजलेले आणि वरच्या रांगेतले चकचकीत असतील, स्क्रूच्या खाचांत बारीक राखाडी गाळ वाळून बसला असेल, तर पाण्याची पातळी तुमच्यासमोर लिहिलेली आहे. जमिनीपासून टेप लावून मोजा. काही इमारतींत सगळे मीटर नव्यानं खांद्याच्या उंचीवर नेलेले दिसतात. त्या सोसायटीनं धडा घेतलेला आहे, आणि ही गोष्ट तिच्या बाजूनं मोजावी. तळमजल्याच्या घरात दाराच्या चौकटींचे खालचे तुकडे बघा. सगळ्या चौकटींना वीतभर उंचीवर नवं लाकूड जोडलेलं असेल तर कारण उघड आहे.

मग पार्किंगमध्ये उभं राहून जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण शोधा. ही बाब हमखास सुटते आणि हिचाच त्रास सगळ्यात जास्त होतो. झाकण फरशीच्या बरोबरीत असेल तर पार्किंगमध्ये सहा इंच पाणी आलं तरी ते थेट टाकीत उतरतं. त्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं, पंप तेच गच्चीवर चढवतो, आणि मग पाचव्या मजल्यावरचं मूलही जुलाबानं आजारी पडतं. टाकीच्या तोंडाला फूटभर तरी उंच कठडा हवा आणि घट्ट बसणारं झाकण हवं. पंपाचं पॅनेल आणि लिफ्टचा कंट्रोल कुठे आहे तेही बघून घ्या. गच्चीवर असेल तर उत्तम, तळघरात असेल तर पुरानंतर आठवडाभर जिना चढायची तयारी ठेवा. आजी-आजोबा बरोबर असतील तर पहिला मजला सगळ्यात सोयीचा: पाण्याच्या वर आणि लिफ्ट नसली तरी उतरता येईल असा.

जुन्या टेनामेंट सोसायट्यांत, म्हणजे बैठ्या घरांच्या सोसायट्यांत, आणखी एक गोष्ट तपासावी लागते. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर बसतो, जुना खरवडला जात नाही, आणि रस्ता हळूहळू घरांपेक्षा उंच होतो. फाटकातून आत शिरताना पायरी चढावी लागते की उतरावी लागते ते बघा. उतरावी लागत असेल तर नदी लांब असली तरी प्रत्येक मोठ्या सरीला रस्त्याचं पाणी अंगणात येणार.

नळाच्या पाण्याचं गणित वेगळं आहे. शहराच्या पूर्व भागाला मुख्यतः आजव्याचं पाणी मिळतं, उत्तर-पश्चिमेला मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलचं, म्हणजे वाळूत झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरींचं. पाणी ठरलेल्या वेळी आणि थोडाच वेळ येतं. म्हणून चार प्रश्न विचारायचे: किती वाजता येतं, किती मिनिटं येतं, मोटर न लावता टाकीत चढतं का, आणि मे महिन्यात टँकर येतो का. शहरी वापराचा सरकारी हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर, म्हणजे चोवीस फ्लॅटच्या इमारतीला दिवसाला जवळजवळ तेरा हजार लिटर. जमिनीतली टाकी याच्या निम्मीच असेल तर उरलेलं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असणार. बोअरचं पाणी ओळखायला बाथरूममधल्या नळाची जाळी फिरवून काढा. पांढरे खडबडीत कण अडकलेले असतील, फरशीच्या सांध्यांत पांढरी पूड असेल, गिझर वरचेवर बदलावा लागत असेल, तर पाणी जड आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते खिशात ठेवावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा काही स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. हे यंत्र फक्त क्षार सांगतं, जंतू सांगत नाही. त्यामुळे आकडा चांगला आला तरी पावसाळ्यात पाणी उकळायचंच.

शहराची पश्चिम बाजू झपाट्यानं वाढते आहे. भायली, सेवासी, बिल, उंडेरा, करोडिया ही गावं २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. तिथली घरं नवीन, रस्ते रुंद, खोल्या मोठ्या. पण नुसतं ‘कॉर्पोरेशनच्या हद्दीत आहे’ ऐकून समाधान मानू नका. इमारत पालिकेच्या ड्रेनेज लाइनला खरोखर जोडली आहे की अजून शोषखड्ड्यावर चालली आहे, नळाची जोडणी मिळाली आहे की ‘येणार आहे’, हे प्रत्येक सोसायटीचं वेगवेगळं असतं. ड्रेनेज जोडलेलं नसेल तर मैल्याची गाडी किती दिवसांनी बोलवावी लागते ते विचारा. पावसाळ्यात जमीन पाणी शोषत नाही, तेव्हा ही गाडी जास्त वेळा येते, आणि तिचा खर्च मेन्टेनन्समधूनच जातो.

आता पूल. नकाशा समोर ठेवला तर बडोदं दोन उभ्या रेघांनी कापलेलं दिसतं, एक रेल्वेची आणि एक विश्वामित्रीची. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, कारेलीबाग नदीच्या पूर्वेला, अलकापुरी, गोत्री, वासणा पश्चिमेला. रोजच्या दिवसांत अकोटा-दांडिया बाजार पुलावरून पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं, म्हणून लोक घर एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला घेतात. पूर आला की पूल बंद होतात. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, तर साध्या जोरदार पावसातही पाण्याखाली जातं. अशा दिवशी मूल नदीच्या एका काठाला आणि आई-बाबा दुसऱ्या काठाला अडकू शकतात. त्यामुळे आमचा आग्रह असा की घर आणि शाळा नदीच्या एकाच बाजूला असावी. नोकरी पलीकडे असली तर एकवेळ चालेल, पण घरातलं एक तरी मोठं माणूस शाळेच्या बाजूला असायला हवं. कामाच्या जागाही विखुरलेल्या आहेत: रिफायनरी कोयलीला, खत कारखाना बाजव्याच्या बाजूला, मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत) दक्षिणेला, वाघोडिया रस्त्यावरचे कारखाने पूर्वेला. कंपनीची बस असेल तर तिचा मार्ग आणि थांबे आधी मागून घ्या. पहाटेच्या पाळीला बसथांबा घरापासून चालत दहा मिनिटांवर असला तर सगळ्या घराची झोप वाचते.

पूर्वेकडे महामार्ग ही तिसरी रेघ. आजवा रोड आणि वाघोडिया रोडवर महामार्गाच्या पलीकडे बजेटमध्ये बसणारी घरं मिळतात आणि त्यांत गैर काहीच नाही. पण शाळा किंवा क्लास महामार्गाच्या अलीकडे असेल तर मोठं झालेलं मूलही सायकलनं एकटं जाऊ शकणार नाही. तिथल्या चौकांत ट्रक वळतात आणि सर्व्हिस रोडवर वाहनं उलट्या दिशेनं येतात. तिथे दहावीपर्यंत सोडणं-आणणं तुमच्याच गळ्यात पडेल.

पाण्याची आणि पुलांची परीक्षा पास झालेल्या जागाच पुढे बघायच्या. तिथून पुढची कसोटी एकच: आठ-नऊ वर्षांचं मूल या वस्तीत मोठ्यांशिवाय काय काय करू शकेल? वही आणायला जाईल का? मैत्रिणीकडे जाईल का? खेळायला उतरेल आणि अंधार पडायच्या आत स्वतःहून वर येईल का? या कसोटीवर कितीतरी महागड्या जागा नापास होतात. मुख्य रस्त्यावरच्या चकाचक इमारतीत जिम असतं, क्लबहाउस असतं, पण फाटकाबाहेर पाऊल टाकताच चार पदरी रस्ता लागतो, आणि मूल लिफ्टपुरतंच मोकळं राहतं. उलट एखाद्या जुन्या सोसायटीत, जिथे एकाच तोंडाची गल्ली आहे आणि बाहेरची वाहनं आरपार जाऊ शकत नाहीत, तिथे मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळताना दिसतात. बंद तोंडाची गल्ली मुलांच्या दृष्टीनं फार मोलाची.

गुजरातेतल्या सोसायट्यांचा खरा जीव म्हणजे कॉमन प्लॉट. नियमानं मोकळी ठेवलेली सामाईक जागा. संध्याकाळी सहा वाजता तिथे जाऊन उभे राहा. मुलं खेळताहेत का, वेगवेगळ्या वयाची आहेत का, मुलीही आहेत का, बाकावर आज्या बसल्या आहेत का. जागा असूनही रिकामी असेल तर कारण शोधा. कुठे तिथे गाड्या लावतात, कुठे मांडवाचं सामान पडलेलं असतं, कुठे भटक्या कुत्र्यांची टोळी असते, कुठे शेजारचे काका चेंडूचा आवाज सहन करत नाहीत. ज्या सोसायटीत नवरात्रात कॉमन प्लॉटवर स्वतःचा गरबा होतो तिथे लोक एकमेकांना ओळखतात, आणि नव्या कुटुंबाला मिसळायला ते नऊ दिवस पुरतात. आपल्या मंडळींनी तिथेच गणपतीही बसवलेले असतात, कित्येक ठिकाणी आरती मराठी आणि प्रसाद गुजराती असा रिवाज पडलेला आहे.

एका भेटीवर वस्ती ठरवू नये. सकाळी सात वाजता जा, म्हणजे शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा कुठे थांबतात, मुलं किती कोंबलेली असतात ते दिसेल. दुपारी साडेबारा-एकला जा, तेव्हा सकाळची पाळी सुटते आणि दुपारची भरते. रात्री दहाला जा. जवळपास पार्टी प्लॉट आहे का ते दिवसा कळत नाही. मोकळं मैदान आणि कमान एवढंच दिसतं, पण लग्नाच्या मोसमात तिथूनच डीजे, फटाके आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या सुरू होतात. बारावीचं मूल किंवा तान्हं बाळ घरात असेल तर पार्टी प्लॉटच्या भिंतीला भिंत लागलेलं घर टाळा. गाई कुठे बसतात तेही बघा. मोकाट जनावरांचा प्रश्न इथे जुना आहे आणि वळणावर अंधारात बसलेली गाय स्कूटरवाल्याला दिसत नाही.

हवेचंही बघायला हवं. रिफायनरी आणि रासायनिक कारखान्यांचा पट्टा शहराच्या उत्तर-वायव्येला आहे. हिवाळ्यात वारं उत्तरेकडून येतं आणि थंड हवा जमिनीलगत बसते, त्यामुळे छाणी, गोरवा, बाजव्याच्या बाजूला रात्री वास जाणवू शकतो. घरात दम्याचं कुणी असेल तर त्या भागातलं घर पहाटे पाचच्या सुमारास जाऊन बघावं, दुपारी नाही.

वस्त्यांबद्दल थोडं. जुनं मराठी बडोदं म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, सूरसागरच्या आसपासचा भाग. इथे भाजीला खंडेराव मार्केट, पुस्तकांना मांडवीची सेंट्रल लायब्ररी, गरज पडली तर सयाजी हॉस्पिटल, आणि सुट्टीच्या दिवशी १८७९ पासूनचा सयाजीबाग म्हणजेच कामाटीबाग. सगळं चालत किंवा रिक्षाच्या एका टप्प्यात. आजी-आजोबांना तर या भागासारखा भाग नाही. दाराबाहेर मराठी ऐकू येतं, मराठी वाङ्मय परिषदेचे कार्यक्रम जवळ असतात, देवळं हाकेच्या अंतरावर. अडचणीही तेवढ्याच खऱ्या. चारचाकीला जागा नाही, वाड्यांचे जिने उभे आणि काळोखे, वायरिंग जुनं, आणि विसर्जनाच्या दिवशी घरातून बाहेर पडायचं तर चालतच. ज्यांना जुन्या शहराच्या जवळ पण जरा मोकळं हवं आहे त्यांनी कारेलीबागेतल्या टेनामेंट सोसायट्या बघाव्यात: झाडं आहेत, शाळा आहेत, शेजार जुना आहे. फक्त तिथे एक गल्ली कोरडी आणि पुढची बुडालेली असं होतं, म्हणून वर सांगितलेली सगळी चौकशी गल्लीगणिक करायची.

दक्षिणेला मांजलपूर आणि मकरपुऱ्यात नोकरदार मराठी कुटुंबं बरीच आहेत. जीआयडीसी जवळ, रोजच्या वस्तूंची दुकानं दाट. मध्यम पगारात दोन मुलांचा संसार मांडायला आमच्या मते शहरातली ही सगळ्यात सरळ निवड आहे. तिथे रूपारेल कांस कुठून जाते तेवढं नकाशावर बघून घ्या. निझामपुरा आणि फतेगंज युनिव्हर्सिटीला जवळ, त्यामुळे पीजी आणि विद्यार्थी जास्त, भाडेकरू सारखे बदलणारे. तिथे भूखी कांसेची चौकशी करायची. अलकापुरीत दवाखाने आणि दुकानं वाढत गेली आणि मुलांची संख्या घटली. सुभानपुरा-गोत्री हा मधला पर्याय, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गोत्रीतच आहे.

शाळेचं म्हणाल तर दोन नियम आधीच माहीत हवेत. पहिलीत प्रवेशासाठी १ जूनला मूल सहा वर्षं पूर्ण झालेलं असावं लागतं. आणि २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचा आहे. पाचवी-सहावीत येणाऱ्या मुलाला हे जड वाटतं, कारण वर्गातली बाकीची मुलं आधीपासून गुजराती लिहीत असतात. लिपी देवनागरीच्या जवळची, फक्त वर शिरोरेघ नाही आणि काही अक्षरं वेगळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज अर्धा तास दिला तर जूनपर्यंत वाचता येऊ लागतं. शाळेत विचारा की नव्या राज्यातून आलेल्या मुलाला गुजरातीत पहिल्या वर्षी काय सवलत देता. शांतपणे आणि नेमकं उत्तर देणारी शाळा बाकीच्या बाबतींतही बरी असते. महाराष्ट्रातून निघताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा, राज्य बदललं की बहुतेक शाळा ती मागतात आणि मागाहून ती मिळवायला फेऱ्या पडतात.

थेट घर विकत घ्यायची घाई करू नका. मे महिन्यापासून अकरा महिन्यांचा भाडेकरार करा. त्यात एक आख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण आणि पाण्याची ओढ सुरू होण्याचे दिवस असं सगळं बघून होतं. डिपॉझिट, ब्रोकरची दलाली, मेन्टेनन्स कोण भरणार, रंगाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करणं मालकाचं काम, पण झाली की नाही ते तुम्हीच पाहा. मासे-मटण खाणाऱ्या घरांनी टोकन देण्यापूर्वी सोसायटीत सरळ विचारावं. बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, आणि चोरून शिजवत मुलांना लाजायला शिकवण्यापेक्षा चालणारी सोसायटी शोधलेली बरी. तशा सोसायट्या आहेत, थोडं जास्त फिरावं लागतं.

वर्षभरानं खरेदीचा विचार झाला तर बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, करण्याआधी काही कागद बघायचेच. बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी, नसेल तर पुढे सगळंच अडतं. नव्या इमारतीची रेरा नोंदणी तपासा आणि भाव रेरा कार्पेटवर काढून बघा, कारण बिल्डर सुपर बिल्टअप सांगतो आणि त्यातला मोठा भाग जिना-लॉबीत जातो. शहराच्या काही भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत क्षेत्रांतल्या मालमत्तेच्या व्यवहारांचा कायदा, लागू आहे. तिथे खरेदी-विक्रीला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, तेव्हा वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा. दस्तावेजाला स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते.

राहायला गेल्यावर पहिल्या पावसाच्या आधी करायची कामं थोडी आहेत. तळमजला असेल तर बाथरूमच्या ड्रेनेजला प्लंबरकडून उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. मुलांचे दाखले, आधार, पुस्तकं आणि औषधं वरच्या कपाटात ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्या. पावसाळाभर मुलांना कांसेच्या काठाला जाऊ देऊ नका. आणि जानेवारी उजाडायच्या आत स्कूटरच्या हँडलला तारेची कमान लावून घ्या, कारण उत्तरायणाचा मांजा रस्त्यावर आडवा येतो, आणि स्कूटरवर पुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा गळा बरोबर त्याच उंचीवर असतो. पंधरा दिवस तरी मुलाला पुढे उभं करू नका.